गेलेल्याची गाठ

दोरी द्यायची की नाही, यावरून माझं आणि माझ्या पोराचं भांडण झालं.

माघातले दिवस होते. आम्ही दोघं रानात कांदा काटत होतो. काढलेला कांदा सरीवर पसरला होता आणि मी इळ्यानं पात कापत चाललो होतो. रविराज पंचायतीत कम्प्युटरवर कामाला. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मदतीला आला होता. अर्धी सरी झाल्यावर तो म्हणाला,

"आबा, त्या मॅडमला आईची दोरी द्यायची न्हाई."

"का रं?"

"आठवण हाय ती आईची. सरकारी हापिसात गेलेली वस्तू माघारी येती का कवा?"

"तिनं काय आठवणीसाठी केली न्हवती ती. पाण्यासाठी केली व्हती."

"तुम्ही काय बी म्हणा. मला न्हाई पटत."

त्याचा आवाज दाटून आला होता. मला वाटलं, पोराला आईची केवढी माया. इळा खाली टाकून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता तो हात आठवला की माझाच मला राग येतो.

दोरी कसली, ते आधी सांगतो.

आमचं कोकरमळा गाव न्हावऱ्याहून दौंडकडं जाताना आत लागतं. रान खाली ओढ्याला, काळं. वस्ती वर माळावर, सगळा मुरूम. रानात विहीर आहे, पण तिथनं वस्तीवर पाणी आणायचं म्हणजे दीड किलोमीटरची चढण. माझा बाप, माझा सासरा, सगळे मेंढरं राखणारे. आम्ही मेंढरं विकली, रान धरलं, पण हातातल्या सवयी काही सुटल्या नाहीत. माझी बायको वच्छला शेवटपर्यंत चाती फिरवून लोकरीचं सूत काढायची.

मेंढक्याच्या घरात एक रीत असते. सांजंला मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना मोजायची. आली त्यांचं काही नाही. जी आली नाही तिची गाठ मारायची, कमरेच्या दोरीला. दुसऱ्या दिवशी मेंढी सापडली की गाठ सोडायची. म्हणून ती गाठ सैल मारत्यात, सुरगाठ. आणि लांडग्यानं खाल्ली, मेली, तर निरगाठ. ती सुटत नाही. ज्याच्या दोरीला गाठी कमी, तो मेंढका चांगला. आमच्याकडं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, त्यामुळं कुणी कुणाला सांगत बसत नाही.

दोन वर्षांमागं वैशाखात घरोघर नळ आले. पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा वच्छलानं नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. सांजंला तिनं काळ्या लोकरीची दोरी घेतली आणि चुलीमागच्या खुंटीला अडकवली.

"काय करतीस गं?" मी विचारलं.

"पाणी वाघरीत आलं न्हाई, त्याची गाठ मारती," ती म्हणाली. "कुणीतरी ध्यानात ठिवाया पायजे का न्हाई?"

मग ती रोज सांजंला, नळाला पाणी आलं नाही की गाठ मारायची. अवसेला मधे लाल दोरा बांधायची, म्हणजे महिना कळायचा. पाणी पाचव्या दिवशी यायचं, ते पण करंगळीएवढं. मोटार जुनी, जळायची. भरून आणली की पुन्हा जळायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार, असं म्हणत्यात. पण आमच्या आडात होतं. पोहराच फुटका होता.

रविराज गाडीवर दोन ड्रम आणायचा रानातनं. पुढच्या वैशाखात एक आठवडा त्याला पंचायतीच्या कामानं सवड झाली नाही. मी खुटबावला पाव्हण्याच्या मातीला गेलो होतो. नळाला पाच दिवस पाणी नव्हतं. दुपारी एकच्या उन्हात वच्छला हंडा घेऊन विहिरीवर गेली. येताना चढणीला पडली. सोजरबाईला दिसली ती. सोजरबाई बौद्धवस्तीतली, वच्छलाची मानलेली बहीण, म्हणून मला दाजी म्हणते. तिनं पदरानं वारा घातला, हाका मारल्या. हंडा पार खाली ओढ्यापर्यंत घरंगळत गेला होता.

सांजंला मी आलो. माणसं जमली होती. मी आत गेलो, खुंटीवरची दोरी काढली आणि त्या दिवसाची गाठ मी मारली. निरगाठ. त्यानंतर दोरीला कुणी हात लावला नाही.

आता मॅडमचं.

धनश्री मॅडम जिल्ह्याच्या हापिसातनं आल्या होत्या. वय पस्तिशीचं, बोलणं साधं, पायात बूट, पाठीला सॅक. त्यांच्याकडं काम असं होतं की कुठल्या गावाची पंचायत कशी चालते ते आकड्यांवरनं शोधायचं. त्यांच्या हाताखाली चार माणसं होती, ती गावोगाव फिरून आकडे आणायची, आणि मॅडम ते जुळवायच्या. पंचायतीसमोर वडाखाली सभा झाली तेव्हा त्या म्हणाल्या,

"पंचायतीचा कागद एक सांगतो आणि माणसं दुसरंच सांगतात. मला दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय. कुणी कॅलेंडरवर खूण केली असेल, कुणी दुधाच्या वहीत लिहिलं असेल, काहीही चालेल. चाळीस गावांचं असं गोळा करतेय. जी दहा गावं सगळ्यात खाली असतील, तिथं पहिली नवी मोटार आणि नवी पाईपलाईन जाईल."

सोजरबाई मागनं ओरडली, "मग बाई, आमचा खालनं पयला नंबर लिवून घ्या! आयुष्यात कशात तरी पयलं येऊ द्या आमाला!"

सगळी सभा हसली. मॅडमपण हसल्या. सरपंच बिरदेव तेवढा हसला नाही. बिरदेव माझा चुलतभाऊ. पुढं मोठ्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं.

"हसू नगा," सोजरबाई म्हणाली. "वच्छलाची दोरी हाय. दाजींच्या घरी. वरीसभराचं पाणी हाय तीत."

तिथनं ते भांडण निघालं. मी रविराजचं ऐकलं नाही. मॅडम घरी आल्या, ओट्यावर बसल्या, रविराज शेजारी उभा राहिला, आणि मी खुंटीवरची दोरी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. लहान लेकरू धरावं तशी.

"मल्हारीमामा, ही कसली दोरी?"

"पाण्याच्या गाठी हायत्या. रोज सांजंला मारायची ती. हा लाल दोरा अवसंचा."

एवढंच बोललो. पुढं मला बोलवेना. "पाणी आणतो तुमास्नी," म्हणून मी आत गेलो. माठापाशी उभा राहून तोंड पुसलं, तांब्या भरला. बाहेर आलो तर मॅडम भराभर लिहीत होत्या. चेहरा फुललेला. रविराज खाली बघत अंगठ्यानं जमीन उकरत होता. मला वाटलं, आईच्या आठवणीनं.

"मामा, असली नोंद मला चाळीस गावांत मिळाली नाही," मॅडम म्हणाल्या. "मी ही जपून नेते आणि स्वतः आणून देते."

त्यांनी पावती लिहून दिली. दोरी एक, काळी, लोकरीची. मी ती वच्छलाच्या फोटोमागं ठेवली.

फाल्गुन गेला. चैत्रात ऊन वाढलं. रानातल्या काळ्या मातीला हातभर भेगा पडल्या. नळाचं पाणी पाचवरनं सातव्या दिवसावर गेलं. एक दिवस बिरदेव हार घालायला निघाल्यासारखा हसत आला.

"दादा, गावाचा नंबर लागला! कार्यक्रम हाय रविवारी. वहिनीच्या नावानं तुमचा सत्कार करायचाय. फेटा बांधून या."

"खालनं कितवा?" मी विचारलं.

"या तर खरं."

रविवारी पंचायतीसमोर मांडव घातला होता. सून मोनिकानं मला धुतलेलं धोतर काढून दिलं. तिचं तोंड उतरलं होतं. "आबा, कार्यक्रमाला न्हाई गेलं तर?" असं म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या सासूचा मान आहे, न जाऊन कसं चालेल? तिनं फेटा हातात दिला. तिला ठाऊक होतं, हे मला मागनं कळलं.

त्या दिवशी नळाला सकाळपासनं पाणी होतं. बायका कुजबुजत होत्या, आदल्या दिवशी टँकर आणून टाकी भरली म्हणून.

मॅडमनी माईक घेतला. "चाळीस गावांत कागद आणि माणसं यांचा सगळ्यात जवळचा मेळ या गावात लागला. पंचायतीच्या नोंदीत पाणी रोज. आणि वच्छलाबाईंच्या दोरीवर तीनशे पासष्ट दिवसांत दोनशे ब्याण्णव दिवस. म्हणजे पाचातले चार दिवस पाणी. लोकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदीत हा पहिला नंबर आहे."

टाळ्या वाजल्या. सगळ्या नाही. पुढच्या ओळीतल्या वाजल्या.

मला आधी काही समजलंच नाही. मग त्यांनी काचेची चौकट उचलली. आत वच्छलाची दोरी, पिनांनी ताणून बसवलेली. खाली छापलेली पट्टी. मला अक्षर थोडं येतं. मी सावकाश वाचलं. 'पाणी आलेल्या दिवसांच्या गाठी. एकूण २९२.'

बिरदेव शाल घेऊन माझ्या अंगावर टाकायला आला. मी त्याचा हात धरला.

"मॅडम," मी म्हटलं, "ह्या गाठी आलेल्या पाण्याच्या न्हाईत."

"म्हणजे?"

"जे येत न्हाई त्याची गाठ मारत्यात. आलेल्याची कोण मारंल? आलेलं मेंढरू समोर दिसतंय की."

बिरदेवनं माईक ओढला. "मंडळी, दादा दुखात हायेत. वहिनी गेल्यापासनं त्यांचं ध्यान जरा..."

"त्येंचं ध्यान जाग्यावर हाय!" सोजरबाई उभी राहिली. "तुजं कुठं गेलंय बिरदेवा? तू काय बामनाच्या घरी जल्मलास व्हय? तुज्या बापाच्या कमरंला दोरी न्हवती?"

"सोजरबाई, खाली बसा."

"बसती. पयलं सांग, पाचातलं चार दिस पाणी येत व्हतं तर माजी भन हंडा घिऊन मरायला गेली व्हती का?"

मॅडम मंचावरनं खाली उतरल्या. चौकट त्यांच्या हातात होती. माझ्यासमोर आल्या आणि हळू विचारलं,

"मामा, ही शेवटची गाठ कुठल्या दिवसाची?"

"ती गेली त्या दिवसाची. मी मारली ती."

"त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं?"

"असतं तर ती घरात असती. आज हितं असती."

मॅडमनी सॅकमधनं लॅपटॉप काढला, खुर्चीवर ठेवला आणि उभ्या उभ्या काहीतरी शोधलं. मग मान वर करून त्यांनी रविराजकडं बघितलं. तो स्पीकरच्या डब्याजवळ उभा होता.

"रविराज, मी तुम्हाला विचारलं होतं. पाणी आलं की गाठ मारायच्या का, असं. तुम्ही हो म्हणालात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तो स्पीकरची वायर गुंडाळायला लागला.

"आणि त्या दिवसापुढं इथं लिहिलंय, पाणीपुरवठा झाला, होय. ही नोंद कोण भरतं?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं कोण भरतं. तरी सगळे त्याच्याकडं बघत राहिले. मी पण.

मॅडम माईकशी गेल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी गाठी मोजल्या. ज्याच्या घरच्या गाठी, त्याला पुन्हा विचारलं नाही. हे प्रमाणपत्र मी माघारी नेते." बिरदेव म्हणत होता की यादी वर गेली आहे, आता बदलत नसते, गावाची इज्जत जाईल. त्या चौकट तेवढी माझ्या हातात देऊन गाडीत बसल्या.

घरी आलो. फेटा काढून ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं रविराज आला आणि उन्हातच उभा राहिला.

"सावलीत ये," मी म्हटलं.

तो आला नाही. "आबा, रोजची नोंद रोज कोण भरतंय? महिनाअखेरीला एकदम भरायची. समदं होय. न्हाई टाकलं की वरनं फोन येतो, का न्हाई म्हणून. बिरदेवकाका म्हणलं, न्हाई दिसलं तर नोकरी दुसऱ्याला. दर वर्षाला कागद नवा होतो आमचा."

"आन् आईच्या दिवसाचं कवा भरलंस?"

"तेराव्याच्या आदल्या दिवशी."

"ह्याच घरात?"

"व्हय. मांडीवर लॅपटॉप घिऊन. आत बाया रडत व्हत्या." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "त्या तारखंवर हात थांबला व्हता आबा. पण एकाच दिवसापुढं न्हाई टाकलं असतं, तर त्याच दिवशी का, असं विचारलं असतं. मग समदंच निघालं असतं."

"म्हणून होय टाकलंस."

"टाकलं."

"आन् दोरी द्यायची न्हाई म्हणालास, ते?"

तो खाली बघत राहिला. तसाच, अंगठ्यानं जमीन उकरत.

आमच्यात म्हणत्यात, लांडगा वाघरीबाहेरनं येतो. म्हणून कुत्री बाहेर बांधत्यात. या खेपेला तो आतच होता, असं मला सांगावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार? मी एवढंच म्हटलं, "तुझी आई लिहायला शिकली न्हवती. तिनं वरीसभर एक बी खोटी गाठ मारली न्हाई. तुला मी बारावी शिकवला."

"आबा, मारा मला."

"मारून काय करू? पाणी येतंय का?"

दुसऱ्या दिवशी तो आणि मोनिका दौंडला गेले. तिथं तिचा भाऊ असतो, रेल्वेच्या वस्तीजवळ. जाताना मोनिका पाया पडली. तो दारात उभा होता. आत आला असता तर मी त्याला अडवलं नसतं. ये म्हणून हाक पण मी मारली नाही.

मॅडमनी बोलल्याप्रमाणं केलं. त्या गेल्यावर मला वाटलं होतं की संपलं, आता कोण विचारतंय. पण पंधरा दिवसांत त्यांची माणसं आली आणि घरोघर बसून विचारून गेली. या खेपेला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली, आणि ती पण बायकांना. 'आली म्हणजे काय, गेली म्हणजे काय' असं खोदून खोदून. सोजरबाईनं त्यांना मेंढीची सगळी मोजणी करून दाखवली, स्वतःच्या शेळ्यांवर. यादी बदलली. कोकरमळा वरनं पहिला होता, तो खालनं तिसरा आला.

"तिसराच?" सोजरबाई म्हणाली. "आणखी दोन गावं आमच्याहून कोरडी हायेत म्हंजी. अरं देवा."

जेठाच्या शेवटी नवी मोटार आली. आता दिवसाआड पाणी येतं. टाकीवर पाटी लागली, तिच्यावर बिरदेवचा फोटो आहे, हात जोडलेला. पंचायतीत कम्प्युटरवर दुसरा पोरगा आहे. तो रोजची नोंद रोज भरतो की महिनाअखेरीला, ते मी विचारायला गेलो नाही.

चौकटीची काच मी फोडली नाही. स्क्रू काढले, पिना काढल्या, दोरी मोकळी केली. खालची छापलेली पट्टी चुलीत घातली. दोरी परत खुंटीला लावली. आता नळाला पाणी आलं नाही की सांजंला गाठ मी मारतो. वच्छलासारखी बारीक येत नाही, पण येते. महिन्याला चौदा-पंधरा होत्यात.

रविराजचा फोन येतो. मोनिका बोलते. तो मागं असतो, श्वास ऐकू येतो. "आबा, जेवलात का?" असं तिच्याकडनं विचारतो. मी तिला सांगतो, जेवलो.

परवा सांजंला नळाला पाणी आलं. हंडे भरले, माठ भरला, दारातल्या जास्वंदीला घातलं. गाठ मारायचं काही कारण नव्हतं. तरी मी दोरी हातात घेतली. वच्छलाच्या त्या शेवटच्या निरगाठीवरनं बोट फिरवलं. ती दगडासारखी झाली आहे. मग दोरीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या गाठींपासनं लांब, पोराच्या नावाची एक गाठ मारायला घेतली. मनात निरगाठच होती. पीळ दिला, टोक आत घातलं, ओढलं.

बघितलं तर सुरगाठ पडली होती.

हाताला जुनी सवय आहे, दुसरं काय. मी ती तशीच ठेवली आणि दोरी खुंटीला लावली.